सुभेदारांचा उजवा पाय

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी दत्तमहाराजांशी कडाकडा भांडले. तेही मनातल्या मनात नव्हे. सांगलीच्या एका दवाखान्याच्या जिन्यात, भर दुपारी, चार माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं. हातात औदुंबरच्या पादुकांचा तळहाताएवढा फोटो होता. त्याच्याकडं बघून मी म्हणाले, "बावीस वर्षांत एक पौर्णिमा चुकवली न्हाई ह्या माणसानं. पावसात आला, तापात आला. आणि तुमी असं करता व्हय? मग तुमच्या दारात यायचं तरी कशाला?" माझी लेक मनीषा मला गप्प करायला बघत होती, मी तिलाही झिडकारलं. आज हे लिहिताना लाज वाटते. पण लाजेपेक्षा आनंद एवढा मोठा आहे, की कधी एकदा सगळं सांगून टाकते असं झालंय. म्हणून सुरुवातीपासून सांगते.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कराडच्या अलीकडं. घरचा ऊस, दोन म्हशी आणि एक निवृत्त सुभेदार. म्हणजे आमचे हे. गाव त्यांना सुभेदार म्हणतं, मीही चिडले की सुभेदारच म्हणते. मी बालवाडी शिकवायची, त्यामुळं मला तोंड चालवायची सवय, आणि हे दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणार. पलटण सोडून घरी आले तरी पलटण काही यांना सुटली नाही. पहाटे दाढी, चपला एका रेषेत, पांघरुणाची घडी चौकोनी. एक खोड तर फारच विचित्र. पाहुण्यांकडं मुक्कामाला गेलं की घातलेल्या अंथरुणापुढं हे आधी उभे राहणार, खोलीभर नजर फिरवणार, आणि बऱ्याचदा गादी उचलून दुसऱ्या दिशेला फिरवून घालणार. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "लोकांनी घातलेलं अंथरूण गोड लागत न्हाई का तुमाला?" म्हणून मी किती वेळा टोचलं असेल. हे नुसते हूं म्हणायचे. लष्करातली सवय म्हणून मी सोडून द्यायची.

तर त्या सकाळी हे उसाला पाणी लावून आले आणि कट्ट्यावर बसले. चहा दिला, तर कप खाली ठेवला. अंगावरचा शर्ट घामानं चिंब. म्हणाले, "छातीवर कुणीतरी गुडघा रोवल्यागत झालंय गं." एवढं लांब वाक्य ऐकूनच मी शेजाऱ्यांच्या दाराकडं धावले. शेजारच्या गाडीत घातलं, जवळच्या दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की झटका मोठा आहे, ताबडतोब नळी उघडायला पाहिजे. लेक माधवनगरला दिलेली, ओळखीचा दवाखाना सांगलीत, म्हणून ॲम्ब्युलन्स थेट तिकडं निघाली. घरातून निघताना मी पैसे घेतले नाहीत, चष्मा घेतला नाही, भिंतीवरचा पादुकांचा फोटो मात्र खिळ्यासकट ओढून घेतला होता.

सांगलीत अँजिओप्लास्टी झाली. मला वाटलं, सुटलो. पण अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आले, आमच्या मनीषाच्याच वयाचे असतील, आणि त्यांचा चेहरा काही सुटल्यासारखा नव्हता. म्हणाले, "बंद नळी उघडली, काकू. पण झटक्यात हृदयाचा मोठा भाग दमून गेलाय. रक्त पुढं ढकलायला त्यात जोरच उरला नाही. औषधं चालू आहेत, तरी बीपी सत्तरच्या वर येत नाही, हातपाय गार पडलेत. याला कार्डिओजेनिक शॉक म्हणतात." मग ते माझ्याशेजारी बाकड्यावर बसले. "तुमचा ऊस आहे ना? फडात ट्रॉली रुतली की काय करता?"

"मागनं धक्का देतो की," मी म्हणाले.

"बरोबर. ट्रॅक्टर ओढतच असतो, पण मागं चार माणसं लागली की ट्रॉली निघते. आम्ही तसाच धक्का देणार आहोत. जांघेतल्या रक्तवाहिनीतून एक लांबट फुगा छातीपर्यंत वर सरकवायचा, हृदयातून जी मोठी रक्तवाहिनी निघते तिच्यात. हृदय क्षणभर विसावलं की फुगा फुगतो, आणि खुद्द हृदयालाच जास्त रक्त पोचवतो. हृदय आवळायला लागलं की फुगा पटकन मिटतो आणि वाट मोकळी करून देतो. असं प्रत्येक ठोक्याला." मी विचारलं, "वाचतील न्हवं?" त्यांनी मला खोटा धीर दिला नाही. म्हणाले, "फुगा लावला की प्रत्येक जण वाचतोच असं नाही. यांना उपयोग होईल असं मला वाटतं. दोन-तीन दिवस त्या हृदयाला दम खायला मिळाला पाहिजे, बास." मी सही केली. आणि मग जिन्यात जाऊन ते भांडण केलं, जे वर सांगितलं.

फुगा बसला. अतिदक्षता विभागात मला पाच मिनिटं आत सोडलं तेव्हा पलंगाच्या पायथ्याला कमरेएवढं यंत्र उभं होतं आणि त्यातून एकसारखा आवाज येत होता, ठुक-फुस्स, ठुक-फुस्स. यांच्या तोंडावर घट्ट मास्क बांधलेला, त्यामुळं बोलायची सोय नाही. डॉक्टर म्हणाले, "एकच गोष्ट सांभाळायची. उजवा पाय. नळी तिथून आत गेलीय. पाय वाकला की नळी मुडपणार आणि फुगा थांबणार. थांबलेल्या फुग्यावर रक्त गोठायला लागतं, म्हणून तो थांबून चालत नाही." त्या अवस्थेतही मला जरा हसू आलं. मी म्हणाले, "डॉक्टर, तुमी फक्त हुकूम द्या. हुकूम मोडणारा माणूस न्हवं ह्यो." डॉक्टरांनी खरंच वाकून सांगितलं, "सुभेदार, उजवा पाय सरळ ठेवा." यांनी डोळे मिटून होकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो पाय तसूभर हलला नाही. सिस्टर म्हणाली, "काकू, असा पेशंट आम्हाला रोज मिळू दे." बीपी पंच्याऐंशीपर्यंत वर आलं होतं. माझा महाराजांवरचा राग तिथंच विरघळायला लागला. किती वेळ रुसणार मी तरी!

म्हणून सकाळी मी सिस्टरच्या मागं लागले. "एवढा फोटो ठेवू द्या, एका कोपऱ्यात." ती विट्याची पोरगी, मायाळू. तिनं फोटो औषधाच्या कापसानं पुसून घेतला आणि म्हणाली, "ठेवा, पण मशीनला हात लावायचा नाही." यांनी डोळे उघडले की पहिलं दर्शन पादुकांचं व्हावं, असं माझ्या मनात. मग कुठं ठेवणार? अगदी समोर! पायथ्याला यंत्राशेजारी फाईल ठेवायचं छोटं टेबल होतं, त्यावर मी फोटो उभा केला, नीट नजरेच्या रेषेत येईल असा तिरका करून. थोड्या वेळानं यांनी डोळे उघडले. समोर बघितलं. दोन्ही हातांना सुया टोचलेल्या, तरी हात जोडायला उचलले! मला रडूच फुटलं. "बघा, बघा सिस्टर!" असं मी म्हणतेय तोवर यांचा डावा गुडघा वर आला, पाठोपाठ उजवाही, आणि यंत्रानं टीं टीं टीं सुरू केलं.

सिस्टर धावली, पाय सरळ केला, यंत्र पुन्हा चालू झालं. आणि माझा आनंद बघा, मी बाहेर येऊन मनीषाला सांगितलं, "अगं, दर्शन झाल्याबरोबर पायात बळ आलं बघ तुझ्या बाबांच्या!" असा माझा शहाणपणा.

पण ते एकदाच होऊन थांबलं नाही. दहा मिनिटांनी पुन्हा टीं टीं. पुन्हा सरळ केला, पुन्हा ओढला. ज्या माणसानं रात्रभर पाय हलवला नाही तो आता क्षणभर पाय ठेवीना. घोट्याला मऊ पट्टी बांधून पाय पलंगाला अडकवला, तर हे पट्टीसकट ओढायला लागले. ठोके एकशे तीसच्या वर गेले आणि मिळवलेलं बीपी पुन्हा खाली घसरलं. डॉक्टर आले, पडद्यावरचे आकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "गुंगीचं औषध द्यावं तर बीपी आणखी पडेल. नाही द्यावं तर नळी मुडपतेय. असंच चाललं तर फुगा काढावा लागेल, आणि इतक्यात काढला तर..." पुढचं ते बोलले नाहीत. सिस्टरला म्हणाले, "काकूंना जवळ बसवा. घरच्या माणसाचं ऐकतील कदाचित."

मी पायाशी बसले आणि यांचा गुडघा दोन्ही तळव्यांनी दाबून धरला. बारीक झालेला तो पाय, पण त्यात काय जोर! मी आधी गोड बोलले, मग ओरडले. "आवं, डॉक्टरांचा हुकूम हाय तुमाला! कळतंय का?" यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली, नाही म्हणून. डोळ्यांच्या कडेनं पाणी वाहत होतं. उभ्या जन्मात या माणसाला मी हुकूम मोडताना बघितलं नव्हतं. वाटलं, हा माणूस आता आपल्यातनं निघाला. आणि मी काय करत होते? मी फोटोकडं तोंड करून विनवत होते. महाराज, तुमी तरी सांगा यांना. पाय सरळ ठेवायला सांगा. काल भांडले त्याची शिक्षा मला द्या, यांना देऊ नका.

तेवढ्यात फरशी पुसायला एक मावशी आल्या. वाळलेल्या अंगाच्या, हिरवी साडी, केस पांढरे. त्या रोज वरच्या मजल्यावर असायच्या. इकडची बाई सुट्टीवर होती म्हणून त्या दिवशी इकडं आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. फरशी पुसून झाल्यावर त्यांनी टेबल पुसायला घेतलं. पादुकांचा फोटो आधी कपाळाला लावला, मग काखेत धरला आणि फडकं फिरवायला लागल्या. आणि माझ्या तळव्यांखालचा पाय ढिला पडला. मी सांगते तुम्हाला, मला स्वतःला कळायच्या आधी माझ्या हातांना कळलं. गुडघा आपणहून खाली गेला, टाच गादीला टेकली. मावशींनी फोटो परत टेबलावर ठेवला. पाय ताठरला, गुडघा वर! टीं टीं टीं!

मावशी थबकल्या. त्यांनी यांच्याकडं बघितलं, फोटोकडं बघितलं. फोटो परत उचलला. पाय सरळ झाला.

"आवं ताई," मावशी म्हणाल्या, "तुमच्या मालकांचं पाय देवाकडं हुत्यात की वो! म्हून ओढून घ्याय लागल्यात त्ये. माझा सासरा असाच हुता. मरणाच्या दुखण्यात पडला, पर देवाकडं पाय करून निजला न्हाई. आन तुमी देवच आणून पायाशी ठिवलाय!"

अगं बाई! माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. पाहुण्यांच्या घरातली ती सगळी अंथरुणं मला दिसली. नणंदेच्या घरी फिरवलेली गादी, मनीषाच्या लग्नात कार्यालयात फिरवलेली सतरंजी. हे आधी उभे राहून देव कुठल्या भिंतीला आहे ते बघत होते! कुणाला सांगितलं नाही, कधी त्याचा गाजावाजा केला नाही. चाळीस वर्षं संसार केला मी या माणसाशी आणि मला हे ठाऊक नव्हतं. शुद्ध धड नाही, जीव टांगलेला, डॉक्टर एक सांगतायत, बायको ओरडतेय, पाय बांधलाय, आणि तरी हा माणूस महाराजांच्या पादुकांकडं आपला पाय होऊ नये म्हणून धडपडत होता. आणि मी त्याच पायावर सगळं वजन टाकून बसले होते.

मी उठले. मावशींनी फोटो पदरानं पुसून माझ्या हातात दिला. पलंगाच्या मागं, डोक्याच्या वर भिंतीला एक अरुंद फळी होती, तिच्यावर मी तो ठेवला. मग यांच्या कानाशी वाकले. म्हणाले, "आवं, ऐकताय का? चुकलं माझं. महाराजांना आता उशाशी ठेवलंय बघा. तुमचं डोकं त्यांच्या पायांवर हाय. आता निवांत पाय पसरा." यांनी डोळे वर फिरवले. पण निजल्या जागेवरून तिथलं काय दिसणार? नुसतं छत. मी श्वास धरून उभी. सिस्टर उभी, मावशी फडकं धरून उभ्या. हे काही क्षण तसेच वर बघत राहिले. मग डोळे मिटले, आणि उजवा पाय हळूहळू घसरत सरळ झाला. मी पट्टी सोडायला लावली. पाय तिथंच राहिला. ठुक-फुस्स, ठुक-फुस्स. त्या आवाजाएवढं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही!

त्यानंतर एकदाही ते टीं टीं वाजलं नाही. संध्याकाळी पाळी बदलताना विट्याची सिस्टर नव्या सिस्टरला सांगत होती, "उजवा पाय सरळ, आणि फोटो उशालाच हां." डॉक्टरांना कळलं तेव्हा ते आधी हसले आणि मग फळीवरच्या फोटोला त्यांनीही नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी बीपी शंभर. हातपाय गरम! तिसऱ्या दिवशी त्यांनी फुग्याचा धक्का कमी करायला घेतला. आतापर्यंत दर ठोक्याला फुगा फुगायचा, आता दोन ठोक्यांना एकदा, मग तीन ठोक्यांना एकदा. मी पडद्यापुढं अशी उभी होते जशी बालवाडीतल्या पोरांची शर्यत बघायला उभी राहायची. मधल्या ठोक्यांना फुगा नसायचा, तिथं यांचं हृदय एकटं पळायचं, आणि पळत होतं की! चौथ्या दिवशी फुगा काढला. दुपारी मास्क सुटला. मी वाकून विचारलं, "कसं वाटतंय?" कोरड्या घशातनं यांचं पहिलं वाक्य काय असावं? "अक्कल हाय का तुला? देव पायाशी ठिवत्यात व्हय?" मी हसत होते का रडत होते, मला सांगता येणार नाही. मनीषा दोन्ही करत होती.

नंतर मी विचारलं, "पण उशाचा फोटो तुमाला दिसत न्हवता. मी नुसतं सांगितलं आणि तुमी ऐकलं?" यांनी पांघरुणाची घडी सरळ केली. मग म्हणाले, "दिसत न्हवतंच. पर डोकं टेकलं हुतं न्हवं? मग झालं." एवढंच. मी मात्र त्या वाक्यावर अजून विचार करतेय. मी जन्मभर देव समोर ठेवला, डोळ्यांपुढं, त्याच्यावर लक्ष राहील असा. पौर्णिमेची वारी केली की हिशेब मागायचा, मनासारखं झालं नाही की जिन्यात उभं राहून जाब विचारायचा. यांनी न बघता डोकं टेकवलं आणि पाय पसरले. शरण जाणं म्हणतात ते एवढंच असेल, तर मी ते पोथीत नाही, त्या पलंगाशी शिकले.

चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. नळी डॉक्टरांनी उघडली, फुगा यंत्रानं चालवला, रात्रंदिवस सिस्टर राबली, टेबल मावशींनी पुसलं. पण वरच्या मजल्यावरच्या मावशी नेमक्या त्या दिवशी खाली याव्यात, फोटो नुसता सरकवायचा सोडून त्यांनी उचलून काखेत धरावा, हे कुणी घडवलं ते मी विचारत नाही. मला माहीत आहे आणि तेवढं बास. घरी सोडलं त्या दिवशी पेढे घेऊन मी वरच्या मजल्यावर गेले. मावशी बादली भरत होत्या. म्हणाल्या, "मी काय केलं वो ताई? फडकं मारलं." मी त्यांच्या पायांवर वाकले तर "आवं, आवं!" करत त्यांनी चटकन दोन्ही पाय मागं ओढून घेतले. अगदी आमच्या सुभेदारांसारखे.

पुढच्या पौर्णिमेला मनीषाच्या गाडीतून औदुंबरला गेलो. एरवीची मोटारसायकल बंद, डॉक्टरांचा हुकूम. पादुकांपुढं मी डोकं टेकवलं. भांडणाची माफी मागायची ठरवून गेले होते, काय काय वाक्यं जुळवली होती, एकही आठवलं नाही. मागायचंही काही सुचलं नाही. किती वेळ तशीच राहिले कुणास ठाऊक. शेवटी मागून यांचा आवाज आला, "ऊठ की आता. मागं लोक उभे हायत."

पण सांगायची गोष्ट त्याच्या आधीची आहे, दवाखान्यातून घरी आलो त्या दिवसाची. जिना चढायचा नाही म्हणून यांची कॉट पुढच्या खोलीत घातली होती. हे दारातून हळूहळू चालत आले, कॉटपाशी थांबले आणि सवयीनं खोलीभर नजर फिरवली. देवघर त्या खोलीच्या पूर्वेच्या भिंतीला आहे. कॉट मी सकाळीच फिरवून ठेवली होती, उशी देवघराकडं. यांनी उशीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"शिकलीस की," म्हणाले, आणि आडवे होऊन दोन्ही पाय लांब सोडून निवांत झोपी गेले.